भिंगरीने पाठवलेली जोडी

११ जानेवारी

प्रिय भिंगरी,

पोचले गं बाई तुझे स्पीकर, सुखरूप पोचले! खोका जिन्यावरून वर आणायला दोन माणसं लागली आणि दोघांनीही मला विचारलं, "मॅडम, आत दगड भरलेत का?" म्हटलं, नणंदेने पाठवलंय, असतीलसुद्धा.

आधी तुझे आभार मानून घेते, नाहीतर माझ्या बडबडीत तेच राहून जायचं. खरं सांगते, इतकी देखणी वस्तू आजवर माझ्या घरात आली नव्हती. एवढीशी ती पेटी, पण काय ते लाकूड आणि काय त्या गोल कडा! मी दोन्ही पेट्यांवरून हात फिरवत किती वेळ बसले होते. आणि हे केलं कुणी, तर आमच्या भिंगरीने, जिला एका जागी बसवणं हेच तुझ्या आईला दिवसभराचं काम होतं. आज त्या असत्या तर सगळ्या बिल्डिंगला बोलावून त्यांनी हे दाखवलं असतं.

खोक्यात वर ठेवलेली तुझी चिठ्ठी वाचली. म्हणजे ही तू स्वतः आखलेली पहिली जोडी. कारखान्यातले सगळे वाहवा करतायत, पण दादाने ऐकून काय ते सांगितल्याशिवाय तू अशा जोड्या काढायला 'करा सुरू' म्हणणार नाहीस, आणि एप्रिल लागायच्या आत तुला त्यांना उत्तर द्यायचंय. धन्य आहे गं तुम्हा बहीण-भावाची! बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान सोडून तू त्या कारखान्यात गेलीस, तेव्हापासून तुम्ही दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलला नाहीत. त्याने तुझी पत्रं फोडली नाहीत, तू त्याला फोन केला नाहीस. आणि तरी भरवसा ठेवायचा तो त्याच्याच कानावर.

तर घे. ऐकलं त्याने. म्हणाला, "झकास झालंय." आता बिनधास्त हो म्हणून टाक.

तो स्वतः का लिहीत नाही म्हणशील, तर त्याचं मनगट दुखतंय, जुनंच दुखणं आहे. आणि मी फोन का करत नाही हे तुला ठाऊक आहे. उभा जन्म शाळेच्या मैदानावर पोरांना कवायत शिकवण्यात गेला माझा. मी फोनवर कुजबुजले तरी खालच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांना सगळी बातमी कळते. त्यापेक्षा पत्र बरं, ते निदान गप्प तरी असतं.

जोडणी मी स्वतः केली, तुझ्या दादाला तसदी दिली नाही. त्याने आणि बाबांनी दुकानात बसून बांधलेला तो जुना अॅम्प्लिफायर आहे ना, त्याच्यावरचं कापड काढलं, धूळ पुसली. नाव मेलं 'पुस्तकांच्या कपाटातले स्पीकर' आणि तुझ्या कागदावर पहिलीच ओळ काय, तर कपाटात ठेवू नका! मग खिडकीशी दोन स्टुलं मांडली, भिंतीपासून पुढे ओढली आणि दोन्ही पेट्या शिस्तीत उभ्या केल्या. कागदावरचं पुढचं काही वाचलं नाही. तारा जोडायला मला काय शिकवणी लावायची?

आणि आवाज! अगं, तो कुठून येतोय तेच कळत नाही. भिंतीतून येतो, छतातून येतो, माझ्या पाठीमागूनही येतो. आमचे जुने स्पीकर कोपऱ्यात बसून कुरकुरायचे, हे तर घरभर आहेत. माझं डोकं अगदी भरून गेलं.

पुन्हा एकदा मनापासून थँक्यू. तब्येतीला जप, डबा नीट खात जा.

तुझी वहिनी


२ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

हे पत्र आहे की उलटतपासणी? खालच्या वकीलसाहेबांनीसुद्धा इतके प्रश्न विचारले नसते. गाणारी बाई नेमकी कुठे उभी आहे? खर्ज कसा वाटतो? मधल्या जागेत काय ऐकू येतं? आणि वर हे, की "दादा खरंच 'झकास' म्हणाला? आमचा दादा?"

म्हणाला गं. माणूस वयाने मऊ होतो. तुझ्या आठवणीतला दादा म्हणजे हातात सोल्डरिंगची कांडी धरून गिऱ्हाइकावर डाफरणारा. आताचा दादा गच्चीवर कुंड्यांना पाणी घालतो, सकाळी घालतो, दुपारीही घालतो. झाडं पोहायला शिकतील एक दिवस.

आता तुझ्या प्रश्नांची उत्तरं, हाताची घडी तोंडावर बोट ठेवून ऐक. गाणारी बाई कुठे उभी आहे? अगं, ती उभीच राहत नाही! तेच तर मला इतकं आवडतं. ती एका जागी नाहीच, सगळ्या खोलीत पसरलेली आहे. मी डावीकडे मान वळवली तर ती उजवीकडे जाते, उजवीकडे वळवली तर माझ्या मागे. पहिले दोन दिवस जरा गरगरलं, पण आता सवय झाली. आणि खर्ज म्हणशील तर इतका सोज्वळ, की विचारू नकोस. पूर्वी तुझा दादा काही लावायचा तेव्हा वकीलसाहेब खालून छताला काठी आपटायचे. आता इतके दिवस झाले, काठीचा एक आवाज नाही. परवा जिन्यात भेटले तर म्हणाले, "तुमच्याकडे हल्ली शांतता असते." एवढे महागाचे स्पीकर आणि शेजाऱ्याला त्रास नाही, ह्याहून मोठं सर्टिफिकेट कुठलं हवं?

तुझा दादा रोज दुपारी ऐकतो, डोळे मिटून. मग मान हलवतो. जास्त बोलत नाही, ते तुला माहीतच आहे.

आता माझं सांगते, आणि हे मात्र खरं आहे. म्हणजे सगळंच खरं आहे, पण हे जास्त. मला गाण्यातलं काय कळतं? 'सावधान', 'विश्राम' आणि शिट्टी, एवढ्यावर माझं संगीत संपलं. पण हल्ली कामं आटोपली की मी आपण होऊन त्या खोलीत जाऊन बसते. तुझ्या दादाने एकदा शाळेच्या मैदानावर येऊन आमच्या पोरांची कवायत टेप केली होती, ढोलासकट, ती लावते. बायकांची गाणी लावते. काल एक बाई गाता गाता कडव्याच्या आधी श्वास घेते तो ऐकू आला. नुसता श्वास. मी शिट्टी फुंकायच्या आधी घ्यायचे तसाच, पोटातून. म्हटलं, म्हणजे हीसुद्धा आपल्यातलीच की!

हे तुझ्यामुळे झालं. निवृत्त झाल्यापासून दुपार मला खायला उठायची. आता दुपारची वाट बघते. माझ्यासारख्या दगडाला तू कान दिलेस, त्याबद्दल तुझे किती आभार मानू?

कारखान्याला कळवलंस का? नसलं तर कळव. उगीच चिकित्सा करत बसू नकोस.

तुझी वहिनी


२४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

पितळ उघडं पडलं माझं. तुझं पत्र आलं तेव्हा मी भाजी निवडत होते. ती तशीच टाकली आणि तुझ्या चार ओळी तिथेच उभ्याने वाचल्या. "वहिनी, दोनपैकी एका स्पीकरच्या तारा उलट लागल्यात. म्हणून बाई सगळ्या खोलीत फिरते आणि म्हणूनच खर्ज नाहीसा झालाय. दादा त्या खोलीत क्षणभर जरी बसला असता तर त्याने उठून त्या बदलल्या असत्या. त्याने ऐकलेलंच नाही. त्याचा माझ्यावरचा राग गेला नाही एवढं कळलं, आता मी त्यांना हो म्हणून टाकते."

म्हणू नकोस! हे पत्र पुरतं वाचल्याशिवाय कुणाला काही म्हणू नकोस. माझी कानउघाडणी नंतर कर, हवी तेवढी कर.

तू पकडलंस तेही कशावरून, तर मी केलेल्या कौतुकावरून! मी इकडे आठवून आठवून गुण गातेय आणि तू तिकडे रोगाची लक्षणं मोजतेयस. कप्पाळ माझं. तारेचं काय झालं ते मी लगेच जाऊन बघितलं. तारेला दोन पदर आहेत, एकावर बारीक पांढरी रेघ. मी आयुष्यभर पोरांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या केल्यात. डावी रांग डावा हात वर, उजवी रांग उजवा हात वर, म्हणजे समोरून कसं आरशात बघितल्यासारखं दिसतं. तशीच ही जोडी लावली. रेघेचा पदर दोन्ही पेट्यांना बाहेरच्या बाजूला. डावीला डाव्या खुंटीवर, उजवीला उजव्या खुंटीवर. दिसायला काय सुरेख दिसत होतं गं! लाल-काळ्या खुणांकडे मी बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या कुणी अशी चूक केली नसती, ती कवायतीच्या बाईलाच सुचायची.

आता दादाचं.

त्याने ऐकलं नाही हे खरं. पण राग म्हणून नाही. गेल्या वर्षी एक दिवस सकाळी तो उठला आणि मला म्हणाला, "इकडच्या बाजूला काहीतरी अडकलंय." डाव्या कानात बोट घालून हलवत होता. सर्दी असेल म्हणून आम्ही दोघांनी वाफ घेण्यात, थेंब घालण्यात वेळ घालवला. डॉक्टरकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, असं कधी कधी होतं, लगेच आला असतात तर प्रयत्न केला असता. डावा कान गेला भिंगरी. पूर्ण गेला. उजवा उत्तम आहे.

त्या दिवशी घरी आल्यावर त्याने अॅम्प्लिफायरवर कापड टाकलं. आणि माझ्याकडून शपथ घेतली की हे कुणाला सांगायचं नाही, आणि भिंगरीला तर मुळीच नाही. मी विचारलं, तिला का नाही? तर म्हणाला, "माझ्याकडे तिने मानण्यासारखं एवढंच होतं." मी शपथ पाळली. कुणाला कळलंही नाही. माझा आवाज हा असा, घरात मी बोलते ते बहिऱ्यालाही ऐकू जातं. लोकांना वाटतं, बाईंना जुनी सवय.

तुझा खोका आला त्या दिवशी काय झालं तेही सांगते. मी पेट्या बाहेर काढल्या. तो दारात उभा राहून बघत होता. मग आला, एकीच्या कडेवरून अंगठा फिरवला, दोन लाकडं जिथे जुळतात तिथे नख लावून बघितलं, नख अडकलं नाही. मग बोटाच्या पेराने बाजूला टकटक केलं आणि वाकून ऐकलं. तुझी चिठ्ठी मी त्याच्या पुढे धरली. ती त्याने वाचली. मग म्हणाला, "जोडी ऐकायला दोन कान लागतात. तिला सांग, आवडली." आणि गच्चीवर निघून गेला. त्या 'आवडली'चं 'झकास' मी केलं. चटणी-मीठ जरा जास्त पडलं.

तेव्हापासून मी स्पीकर लावले की तो उठून गच्चीवर जातो, नाहीतर आतल्या खोलीत दार लोटून बसतो. राग नाही गं त्याला. त्याला लाज वाटते. बहिणीने एवढ्या लांबून, एवढी वर्षं मध्ये जाऊनही, आपल्याच कानाला कौल लावला आणि आपल्याकडे तो कान उरला नाही, हे त्याला सहन होत नाही.

मी खोटं लिहिलं कारण तुझं काम अडू नये असं वाटलं. आणि दुसरं कारण स्वार्थाचं आहे. तुम्ही दोघं बोलायला लागावं ही माझी इच्छा. मी दोन्हीकडचं बोलून बोलून दमले. वाटलं, झकास म्हटलं तर तू खूश होशील, खूश झालीस की येशील, आलीस की पुढचं पुढे. बुडत्याचा पाय खोलात.

शपथ मोडली आहे, त्याचं मी बघून घेईन. तुझे आभार मानायचे ते एवढ्यासाठी, की तू रागावून का होईना, खरं विचारलंस. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

मी तारा बदलते. मग त्याच्याकडे बघते. तोवर तुझं तोंड बंद ठेव.

वहिनी


२८ फेब्रुवारी

भिंगरी, अगं भिंगरी!

कुठून सुरू करू? तारेपासूनच करते. उजव्या पेटीमागचे दोन्ही पदर काढून उलट लावले आणि कवायतीची टेप लावली.

बाई गं! ढोल खोलीच्या मधोमध येऊन उभा राहिला. पोटात गुद्दा बसावा तसा. आणि माझी शिट्टी! ती थेट समोरून आली, त्या तिथे, खिडकीच्या कडीखालून, मीच तिथे उभी असल्यासारखी. मागे पोरांचे पाय, पहिली रांग, दुसरी रांग, तिसरी रांग, वेगवेगळ्या ऐकू येत होत्या. आणि तिसऱ्या रांगेत एक पाय उशिरा पडत होता! इतक्या वेळा मी ती टेप ऐकली, कधी कळलं नाही. मी खुर्चीतून उठून ओरडले, "कोण आहे रे तो, तिसरी रांग!"

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, "आता बरोबर झालं."

मी तशीच आत गेले. तो पेपर धरून बसला होता.

"काय बरोबर झालं?"

"तार. एका स्पीकरची उलटी होती. पहिल्या दिवसापासून."

"पहिल्या दिवसापासून तुला माहीत होतं? आणि मूग गिळून बसलास?"

"तू रोज खूश होऊन ऐकत होतीस," तो म्हणाला. "म्हटलं, कशाला मोडता घालायचा."

"दार लोटून बसलेल्या माणसाला कळलं कसं पण?"

"खर्ज गायब होता. त्याला एक कान पुरतो."

आता सांग, ह्या माणसाला काय म्हणावं? मी कमरेवर हात ठेवले. म्हटलं, "ऐक. भिंगरीला मी कानाचं सांगितलं. शपथ मोडली. आता काय करायचं ते कर." त्याने पेपरची घडी घातली, आणखी एक घातली, हातात रुमालाएवढा राहिला तरी घालतच होता. मग विचारलं, "ती काय म्हणाली?"

"पत्र अजून वाटेत आहे. काय म्हणायचं ते म्हणेल. पण तिने तुझ्यासाठी काम थांबवून ठेवलंय आणि तू कुंड्यांना पाणी घालतोयस."

"मी काय सांगू तिला?" तो म्हणाला. "गाणारा कुठे उभा आहे हेच मला कळत नाही. माझ्यासाठी सगळं एकाच बाजूला वाजतं. जोडी कशी आहे हे एका कानाचा माणूस कसं सांगणार?"

"मग माझे दोन आहेत की," मी म्हटलं. "ते घे."

तो हसला. तुझ्या दादाचे दात दिसणं ही काय चीज आहे ते तुला माहीत आहे. उठला आणि बाहेरच्या खोलीत आला.

पुढचं बघायला तू हवी होतीस. बाबांचा दुकानातला नियम होता म्हणे, 'आधी एकेकटा, मग जोडी'. मला हे आज कळलं. दुरुस्त झालेली जोडी कधी एकदम लावायची नाही, आधी एक सोडवायची, दुसरी एकटी ऐकायची, मग उलट. का, तर जोडीत एकाचं वैगुण्य दुसरा झाकतो. त्याने उजवीच्या तारा सोडवल्या आणि डावी पेटी एकटी लावली. चांगला कान तिच्याकडे करून, खुर्ची अगदी जवळ ओढून बसला. बाईचं गाणं लावलं, तिच्या साथीला चेलो आहे, ते मोठं व्हायोलिन, तो नीट ऐकला, पुन्हा बाई. मग डावी सोडवली आणि तेच सगळं उजवीवर. चहा निवला, मी पुन्हा केला, तोही निवला. मला म्हणतो, "एकेकटं ऐकायला मला काही कमी नाही. हे माझ्या आधी लक्षातच आलं नाही." त्याचा चेहरा कसा झाला होता सांगू? दुकान उघडल्यासारखा.

मग जोडी. मला मधोमध खुर्चीवर बसवलं. तो भिंतीला टेकून उभा. आणि शाळेच्या इन्स्पेक्टरसारखे प्रश्न सुरू.

"बाई कुठे आहे?"

"मधोमध. खिडकीच्या कडीखाली."

"हलते?"

"पाय रोवून उभी आहे. पहिल्या रांगेतली मुलगी."

"चेलो?"

"तिच्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागे."

"नक्की अर्धं?"

"अरे, अर्ध्या पावलाचा फरक बघण्यात माझी सगळी नोकरी गेली. अर्धं म्हणजे अर्धं!"

"बरं," तो म्हणाला, आणि मान डोलावली. माझं ऐकून त्याने निमूटपणे मान डोलावली भिंगरी, लग्नानंतर प्रथमच. मग तेच गाणं पुन्हा, आवाज वाढवून. आणि खालून वकीलसाहेबांची काठी वाजली, ठक ठक ठक! तुझा दादा काय म्हणाला असेल? "चला, खर्ज पोचला."

सगळी दुपार आम्ही तिथे होतो. तो विचारायचा, मी सांगायचे. मी सांगितलेलं तो स्वतःच्या कानाने ऐकलेल्याशी ताडून बघायचा. मध्ये एकदा बाई एका ओळीवर चढली तेव्हा मी म्हटलं, "इथे ती जरा पुढे येते का रे?" तर तो एकदम वळला. म्हणाला, "तुलाही वाटलं?" आणि मग कितीतरी वेळ तीच ओळ मागे-पुढे, मागे-पुढे. मला त्यातलं पुढचं कळलं नाही, ते तो सांगेल.

हो, तोच सांगेल. मी म्हटलं, मी लिहून कळवते. तर म्हणाला, "तू नको. तू चटणी-मीठ घालतेस. मी लिहितो."

भिंगरी, लोकांच्या नणंदा साड्या पाठवतात. तू मला माझा नवरा परत पाठवलास. गच्चीवरून खाली आणून खोलीत बसवलास. तुझे हे उपकार मी फेडू शकत नाही आणि फेडायची घाईही नाही. आधी तो ऐकायचा आणि मी दुरून बघायचे. आता आम्ही दोघं मिळून ऐकतो. त्याला जे येत नाही ते मला येतं आणि मला ज्याचं नाव माहीत नाही ते त्याला माहीत आहे. ह्या वयात हे मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

त्याचं पत्र उद्या लिहून झालं की ह्याच पाकिटात घालीन. मला वाचू देणार नाही म्हणतो.

तुझी वहिनी


१ मार्च

भिंगरे,

वहिनीने पेन हातात दिलंय आणि दाराशी पहारा देतेय, म्हणून आजच लिहितो. मनगट ठीक आहे. ते कधीच दुखत नव्हतं.

दोन्ही पेट्या एकेकट्या ऐकल्या. त्यांच्यात फरक सापडला नाही. शोधला होता. हाताने केलेल्या पहिल्या जोडीत हे सोपं नाही. पेटीच्या मानाने खर्ज पुष्कळ आहे आणि तरी सैल पडत नाही. कसं केलंस ते मला कळलं नाही. उघडून बघावंसं वाटलं, पण बघितलं नाही. जोडीचं वहिनीच्या कानांवरून सांगतो. तिने दोन वेळा वेगवेगळ्या गाण्यांना तीच जागा दाखवली, म्हणजे विश्वास ठेवायला हरकत नाही. बाई मधोमध उभी राहते.

एक गोष्ट आहे. बाईचा आवाज वर चढताना पेटीतल्या खालच्या मोठ्या स्पीकरकडून वरच्या लहानाकडे जातो, तिथे ती एक पाऊल पुढे येते. हे चुकून झालेलं नाही, तू मुद्दाम ठेवलंयस. दुकानात उभ्या उभ्या ऐकणाऱ्याला चटकन आवडावं म्हणून. चटकन आवडतंही. पण दुपारभर ऐकलं की थकवा येतो. तुला हे आधीच खटकलं असणार, नाहीतर एवढ्या लोकांनी वाहवा केल्यावर मला विचारलं नसतंस. तेवढं उतरव आणि मग त्यांना हो म्हण. तुझ्या कारखान्यातल्या लोकांनी वाद घातला तरी ऐकू नकोस. तुझं बरोबर आहे.

तू निघालीस तेव्हा मी म्हणालो होतो की तिकडे जाऊन दुसऱ्यांच्या पेट्यांचे स्क्रू पिळत बसशील. तसं झालं नाही. अशी पेटी मला करता आली नसती. बाबांनाही आली नसती.

तुझी जुनी पत्रं वहिनीने जपून ठेवली होती. काल सगळी फोडली. क्रमाने वाचतोय, निम्मी झालीत. त्यातल्या प्रश्नांची उत्तरं आता फार उशिरा होतील, तरी देईन.

कानाचं तुला कळलंच आहे. डॉक्टर म्हणतात तो परत यायचा नाही. मला त्याचं वाईट वाटायचं ते वाटून झालं, तू नव्याने वाटून घेऊ नकोस. मी लपवलं कारण आपल्या दादाला ऐकू येत नाही हे तुला कळावं असं मला वाटत नव्हतं. आता कळलं ते बरं झालं.

ते पाऊल मागे घेतलेली जोडी ऐकायची आहे मला. पोस्टाने पाठवू नकोस, घेऊन ये. दुकानात तू कायम माझ्या डावीकडे बसायचीस. ह्या वेळी उजवीकडे बस.

दादा